एक दिवसाआड चालणारं बटण : व्हेक्टरवर्क्समध्ये लेयर आणि क्लास ऑन-ऑफ करणारी स्क्रिप्ट का फसते

तक्रार अशी. व्हेक्टरवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या स्क्रिप्ट पॅलेटमध्ये ‘फर्निचर ऑन-ऑफ’ नावाची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आहे. डबल-क्लिक केलं की प्लॅनमधलं फर्निचर गायब, पुन्हा केलं की हजर. चार दिवस छान चालतं. पाचव्या दिवशी डबल-क्लिक केल्यावर खुर्च्या जातात आणि टेबलं येतात. पुन्हा केलं की टेबलं जातात, खुर्च्या येतात. कितीही वेळा दाबा, दोन्ही एकदम यायला तयार नाहीत आणि एकदम जायलाही. आमच्या ऑफिसात या स्क्रिप्टचं नाव ‘कॉर्पोरेशनचं पाणी’ पडलं होतं.

मी पुण्यात बसून परदेशातल्या आर्किटेक्ट लोकांची ड्रॉइंग करतो आणि त्यातले बरेच जण व्हेक्टरवर्क्स वापरतात. ही स्क्रिप्ट मला वारशाने मिळाली. आधीच्या माणसाने लिहिली, दुसऱ्याने पायथन या भाषेत बदलली, तिसरा नोकरी सोडून गेला. मी ती तीनदा दुरुस्त केली आणि तिन्ही वेळा वाटलं, झालं आता. मग कळलं की दुखणं एक नाही. वेगवेगळी चार-पाच दुखणी आहेत आणि सगळ्यांचं लक्षण सारखंच: ‘बटण दाबलं, पण हवं ते झालं नाही’. म्हणून एकावर औषध दिलं की दुसरं डोकं वर काढतं.

आज्ञांची नावं खाली उच्चारतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका. पायथन वापरत असाल तर प्रत्येकीच्या आधी ‘व्हीएस’ आणि टिंब लागेल.

आधी ऑटोकॅडवाल्यांसाठी दोन वाक्यं. ऑटोकॅडमध्ये तुम्ही ज्याला लेयर म्हणता ते काम इथे साधारणपणे क्लास करतो: भिंत, दार, फर्निचर, डायमेन्शन. इथला लेयर म्हणजे मजला किंवा उंचीची पातळी: तळमजला, पहिला मजला, छत. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल इम्पोर्ट केली की तिचे लेयर मुळात क्लास म्हणूनच आत येतात, तेही याच कारणाने. वस्तू दिसायची तर तिचा लेयरही चालू हवा आणि क्लासही. दोघांपैकी एकाने नकार दिला की संपलं. शिवाय दोन्हीकडे स्थिती दोन नसून तीन आहेत: दिसतो, लपलेला आणि ग्रे, म्हणजे फिकट.

या तिसऱ्या स्थितीतच खुर्च्या-टेबलांचा सगळा घोळ आहे.

क्लासची स्थिती वाचायची आज्ञा गेटसीव्हिस. ती आकडा देते. क्लास दिसत असेल तर ०, लपलेला असेल तर -१, ग्रे असेल तर २. लेयरसाठी गेटएलव्हिस, आकडे तेच. आता पायथनमध्ये शून्य म्हणजे ‘खोटं’ आणि बाकी कुठलाही आकडा म्हणजे ‘खरं’. ‘दिसत असेल तर लपव, नाहीतर दाखव’ असं सरळ मराठीत विचार करून कुणी लिहिलं आणि अटीत नुसतं गेटसीव्हिस ठेवलं, तर दिसणाऱ्या क्लासला ‘दाखव’ आणि लपलेल्याला ‘लपव’ असा हुकूम जातो. म्हणजे बटण दाबून काहीच होत नाही. आमच्या दुसऱ्या माणसाचं नेमकं हेच झालं असणार. त्याने अटीपुढे ‘नॉट’ लावून पाहिलं, स्क्रिप्ट चालली, तो चहाला गेला. व्हेक्टरवर्क्सच्या स्वतःच्या जुन्या भाषेत, व्हेक्टरस्क्रिप्टमध्ये, हे झालं नसतं, कारण ती पास्कल भाषेच्या घराण्यातली. अटीच्या जागी आकडा ठेवला तर ती कंपाइलच होत नाही. कडक सासू परवडते ती अशी.

‘नॉट’ लावल्यावर दिसणारा क्लास लपतो आणि लपलेला दिसतो, इथपर्यंत ठीक. पण ग्रे म्हणजे २, म्हणजे ‘खरं’, ‘नॉट’ लावल्यावर ‘खोटं’, म्हणून ग्रे क्लास ‘दाखव’च्या फांदीत जातो. आता कल्पना करा, कुणीतरी डायमेन्शन टाकताना अडचण नको म्हणून नेव्हिगेशन पॅलेटमध्ये टेबलांचा क्लास हाताने ग्रे केला. खुर्च्या पूर्ण चालू. बटण दाबलं. खुर्च्या दिसत होत्या, त्या लपल्या. टेबलं ग्रे होती, ती पूर्ण चालू झाली. इथून पुढे दोघांची पावलं कायमची उलटी पडणार, कारण स्क्रिप्ट प्रत्येक क्लासला वेगळं विचारते, ‘तू कसा आहेस?’ आणि प्रत्येकाला त्याच्या उलट करते. ग्रे करायचीही गरज नाही. एखादा क्लास कुणी हाताने बंद केला तरी परिणाम तोच.

त्यामुळे नुसतं आकडे नीट तपासून भागत नाही. प्रत्येक क्लासला उलटं करणं ही कल्पनाच मोडीत काढायला हवी. निर्णय एकदाच घ्यायचा, सगळ्या यादीसाठी. माझा नियम: यादीतला एकही क्लास ० किंवा २ देत असेल तर सगळे लपवायचे. सगळेच्या सगळे -१ असतील तरच सगळे दाखवायचे. आधी एक फेरी फक्त वाचण्याची, मग दुसरी फेरी फक्त बदलण्याची. एकाच फेरीत वाचत-वाचत बदलू नका.

खरं सांगायचं तर माझं मत दोन बटणांकडे आहे: ‘फर्निचर लपव’ आणि ‘फर्निचर दाखव’. कितीही वेळा दाबा, उत्तर एकच. आधी काय होतं याच्याशी घेणं-देणं नाही, वाचण्याची भानगड नाही. साहेबांना ते पटलं नाही, पॅलेट भरतं म्हणाले. तुमचे साहेब ऐकणारे असतील तर इथेच थांबा आणि दोन बटणं करा. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

लेयरची गोष्ट वेगळी आणि जास्त चमत्कारिक

क्लास लपवायचा तर हाइडक्लास या आज्ञेला क्लासचं नाव द्यायचं, झालं. कुणालाही वाटेल की लेयरचंही तसंच असेल. नाही. हाइडलेयर, शोलेयर आणि ग्रेलेयर या आज्ञा नाव घेतच नाहीत. त्या फक्त त्या क्षणी जो लेयर अ‍ॅक्टिव्ह असेल त्यावर चालतात. म्हणून आधी ‘लेयर’ नावाच्या आज्ञेने हवा तो लेयर अ‍ॅक्टिव्ह करायचा, मग हाइडलेयर म्हणायचं.

यातून तीन अपघात होतात आणि तिन्ही मी केलेले आहेत.

पहिला. व्हेक्टरवर्क्समध्ये अ‍ॅक्टिव्ह लेयर नेहमी दिसतोच, त्याचं सेटिंग काहीही असो. अ‍ॅक्टिव्ह क्लासचंही तसंच. आपण ‘छत’ लेयर अ‍ॅक्टिव्ह करून लपवला आणि स्क्रिप्ट तिथेच संपली, तर स्क्रीनवर छत जसंच्या तसं. मनात म्हणतो, स्क्रिप्ट चालली नाही. पुन्हा दाबतो, आता आत नोंदलेलं सेटिंग ‘दिसतो’ होतं. तिसऱ्यांदा दाबतो. दरम्यान आपल्या नकळत आपण ‘छत’ लेयरमध्ये आलेलो असतो आणि पुढच्या अर्ध्या तासात काढलेल्या सगळ्या भिंती छतावर जाऊन बसतात. हे दुसऱ्या दिवशी कळतं, त्रिमितीत पाहिल्यावर. ज्याने हे एकदा भोगलं तो आयुष्यभर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत अ‍ॅक्टलेयर आणि गेटएलनेम वापरून आत्ताच्या लेयरचं नाव लिहून ठेवतो आणि शेवटच्या ओळीत तिथे परत जातो. लेयरची स्थिती वाचायची तीही या उड्या मारायच्या आधी वाचून ठेवावी.

दुसरा. ‘लेयर’ या आज्ञेला दिलेल्या नावाचा लेयर फाइलमध्ये नसेल तर ती कुरकुर करत नाही, त्या नावाचा नवा लेयर तयार करते. ‘पहिला मजला’ऐवजी चुकून मध्ये दोन स्पेस पडल्या की तुमच्या फाइलमध्ये रिकामा, अनाथ लेयर जन्माला येतो. स्क्रिप्ट त्याला इमानेइतबारे लपवते आणि खरा लेयर तसाच राहतो. क्लासच्या बाजूला नेमक्लास हीच खोड करते. आमच्या एका फाइलमध्ये असे ११ रिकामे लेयर सापडले होते, सगळ्यांची नावं डोळ्यांना सारखीच.

ही खोड आली कुठून, असा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर फाइल मेनूतच मिळतं. एखादं छोटं ड्रॉइंग व्हेक्टरस्क्रिप्ट म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती टेक्स्ट फाइल उघडा. आत काय दिसतं? ‘हा लेयर’, ‘हा क्लास’, मग रेषा, चौकोन. पुन्हा ‘हा लेयर’, पुन्हा रेषा. म्हणजे ही भाषा ड्रॉइंग शब्दांत मांडायलाही वापरली जाते. कोऱ्या फाइलमध्ये ती टेक्स्ट परत आणली तर लेयर नसणारच, म्हणून आज्ञेने तो तयार करायला हवा. या सॉफ्टवेअरचा जन्म १९८५ चा, मिनीकॅड या नावाने. तेव्हाची मिनीपास्कल १९९९ मध्ये नाव बदलताना व्हेक्टरस्क्रिप्ट झाली आणि २०१४ च्या आवृत्तीपासून पायथन जोडीला आलं. पायथनमधून बोलावल्या तरी आज्ञा त्याच जुन्या. ‘आत्ता जे अ‍ॅक्टिव्ह आहे त्यावर कर’ हा त्यांचा स्वभाव बदललेला नाही. हे कळल्यावर माझा राग थोडा कमी झाला, रिकामे लेयर मात्र हातानेच पुसावे लागले.

उपाय सोपा आहे. नाव वापरण्याआधी ते अस्तित्वात आहे का ते पाहा. लेयरसाठी एफलेयरपासून सुरू करून नेक्स्टलेयरने एकेक पुढे जा आणि नाव जुळलं तरच ‘लेयर’ आज्ञा द्या. क्लाससाठी क्लासनम एकूण संख्या सांगते आणि क्लासलिस्टला १ पासूनचा क्रमांक दिला की नाव मिळतं. जुळलं नाही तर गप्प बसू नका, अ‍ॅलर्ट डायलॉग दाखवा: ‘या नावाचा लेयर नाही’. आमच्या स्क्रिप्टमध्ये हे एक वाक्य पहिल्यापासून असतं तर माझे दोन रविवार वाचले असते.

तिसरा अपघात शीट लेयरचा, म्हणजे छापायच्या शीटच्या लेयरचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

नावांची भानगड

क्लासच्या नावात हायफन टाकलं की व्हेक्टरवर्क्स त्याची उतरंड करून दाखवतं. फर्निचर-खुर्ची, फर्निचर-टेबल, फर्निचर-कपाट अशी नावं असतील तर यादीत ‘फर्निचर’च्या पोटात तिघे दिसतात. डोळ्यांना ते फोल्डर वाटतं. पण हाइडक्लासला नुसतं ‘फर्निचर’ दिलं तर पोटातले तिघे जात नाहीत. तिच्या दृष्टीने ती फक्त नावं आहेत, घराणं वगैरे काही नाही. म्हणून सगळ्या क्लासवर फेरी मारून ज्यांची सुरुवात ‘फर्निचर-’ने होते ते निवडावे लागतात.

इथे ‘सुरुवात’ हा शब्द महत्त्वाचा. आमच्या स्क्रिप्टमध्ये पॉस ही आज्ञा वापरून ‘नावात कुठेही फर्निचर आहे का’ असं तपासलं होतं, म्हणजे उत्तर शून्यापेक्षा मोठं आहे का. परिणामी ‘पाडायचं-फर्निचर-जुनं’ हा डिमॉलिशनचा क्लाससुद्धा बटणाबरोबर नाचायचा. उत्तर बरोबर १ हवं.

आणि हायफन. हा किस्सा सांगायलाच हवा. एका प्रोजेक्टमध्ये कपाटं काही केल्या लपेनात. नाव तेच, अक्षरं तीच, स्पेस नाही, काही नाही. मी नाव क्लासच्या यादीतून कॉपी करून स्क्रिप्टमधल्या नावाशेजारी ठेवलं, तेव्हा दिसलं की एक डॅश दुसऱ्यापेक्षा केसभर लांब आहे. क्लासची यादी कुणीतरी वर्डमध्ये टाइप केली होती. वर्डने आपल्या हुशारीने हायफनचा लांब डॅश केला आणि तीच यादी व्हेक्टरवर्क्समध्ये आली. लांब डॅश म्हणजे वेगळं अक्षर. त्याने उतरंडही होत नाही, हा खरं तर पुरावा डोळ्यांसमोर होता: कपाट एकटंच यादीत बाहेर उभं होतं. तेव्हापासून कुठलंही नाव मी हाताने टाइप करत नाही आणि वर्डमधून तर अजिबात आणत नाही.

स्क्रिप्ट बरोबर, तरी दिसत नाही

इथवरचं सगळं दुरुस्त केलं की उरतात त्या स्क्रिप्टबाहेरच्या गोष्टी. यात वेळ जास्त जातो, कारण आपण पुन्हा पुन्हा कोडच वाचत बसतो.

व्ह्यू मेनूतले क्लास ऑप्शन्स आणि लेयर ऑप्शन्स आधी बघा. तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह ओन्ली’ निवडलेलं असेल तर तुम्ही शंभर क्लास चालू करा, दिसणार एकच. ‘ग्रे अदर्स’ असेल तर सगळं फिकट. ही सेटिंगं क्लासच्या स्वतःच्या स्थितीवर चादरीसारखी पसरतात. गेटसीव्हिस ० सांगत राहते आणि स्क्रीन कोरी. कीबोर्डवर हात चुकून पडला की हे बदलतं आणि आपल्याला कळतही नाही. लेयरच्या बाबतीत स्केलही पाहा. अ‍ॅक्टिव्ह लेयरपेक्षा वेगळ्या स्केलचे लेयर युनिफाइड व्ह्यूच्या सेटिंगनुसार दडलेले असू शकतात.

मग सिम्बॉल (एकदा काढून पुन्हा पुन्हा ठेवायचं चित्र) आणि ग्रुप. सिम्बॉलच्या आतल्या रेषांना आपापला क्लास असतो, आणि प्लॅनमध्ये ठेवलेल्या त्या सिम्बॉललाही स्वतःचा एक. बाहेरचा क्लास बंद असेल तर आतलं काहीही चालू असून उपयोग नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असेल तर आतल्या खोल्यांची दारं उघडी ठेवून काय करणार. आणि बहुतेक वेळा हा बाहेरचा क्लास ‘नन’ असतो, कारण सिम्बॉल ठेवताना तोच अ‍ॅक्टिव्ह होता. ‘नन’ आणि ‘डायमेन्शन’ हे दोन क्लास प्रत्येक फाइलमध्ये असतात, पुसता येत नाहीत. आवराआवरीच्या भरात कुणी ‘नन’ लपवला की निम्मं ड्रॉइंग उडतं आणि खापर ऑन-ऑफच्या बटणावर फुटतं. उलटही होतं: सिम्बॉल फर्निचर क्लासात, पण आतल्या रेषा ‘नन’मध्ये. मग फर्निचर बंद केलं की जातं, ‘नन’ बंद केला तरी जातं, आणि कुणाला काही उमजत नाही. गेटक्लास वस्तूचा क्लास सांगते आणि गेटपेरेंट तिला पोटात घेणाऱ्याचा पत्ता. संशय आला की या दोघींनी आतून बाहेर एकेक पायरी चढत जा.

एक जुनं, विसरलेलं ठिकाण: कस्टम व्हिजिबिलिटी. त्यातून वस्तू क्लास किंवा लेयरच्या वाटेला न जाता थेट लपवता येतात, अमुक निकषात बसणाऱ्या सगळ्या. मग क्लास चालू, लेयर चालू, सिम्बॉल नाही, ग्रुप नाही, आणि वस्तू नाही. क्लास-लेयरचे आकडे वाचणाऱ्या स्क्रिप्टला यातलं काहीच दिसत नाही. हा संशय असेल तर ‘शो’ या आज्ञेला ‘ऑल’ देऊन एका ओळीची स्क्रिप्ट चालवा. आमच्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये या एका ओळीने अख्खं स्वयंपाकघर परत आलं होतं.

आता व्ह्यूपोर्ट, आणि ज्या प्रसंगामुळे मी हे सगळं मुळापासून खणायला बसलो तो. एका ऑफिसच्या इंटिरियरचं लाइटिंग ड्रॉइंग होतं. शीटवर दोन व्ह्यूपोर्ट, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या दोन खिडक्या. पीडीएफ गेली. दोन दिवसांनी फोन: टेबलं कुठे आहेत, दिवे कशाच्या डोक्यावर लावायचे? मी फाइल उघडली, डिझाइन लेयरवर, म्हणजे जिथे ड्रॉइंग काढतो तिथे, टेबलं व्यवस्थित दिसत होती. बटण दाबलं, गेली. दाबलं, आली. शीटवर गेलो, एका व्ह्यूपोर्टमध्ये टेबलं आहेत, दुसऱ्यात नाहीत.

व्ह्यूपोर्टची क्लास-लेयरची स्थिती त्याची स्वतःची असते. व्ह्यूपोर्ट तयार करताना तुमच्या स्क्रीनवर जे चालू-बंद होतं ते तो उचलतो आणि तिथून पुढे आपल्या मनाचा राजा. मी दुसरा व्ह्यूपोर्ट केला तेव्हा फर्निचर नेमकं बंद होतं. त्यानंतर बटण हजारदा दाबलं तरी तिकडे त्याचा पत्ता नाही. ही उणीव नाही, उलट सोय आहे, कारण नाहीतर काम करताना केलेली प्रत्येक ऑन-ऑफ छापील शीटवर उमटली असती. पण बटणाची सवय झालेला माणूस हे विसरतो. मीही विसरलो होतो.

व्ह्यूपोर्टही स्क्रिप्टने बदलायचे असतील तर त्यासाठी वेगळ्या आज्ञा आहेत, सेटव्हीपीक्लासव्हिजिबिलिटी आणि सेटव्हीपीलेयरव्हिजिबिलिटी. त्यांना व्ह्यूपोर्टचा हँडल, म्हणजे त्याचा आतला पत्ता, द्यावा लागतो आणि आकडे पुन्हा तेच, ०, -१, २. पहिलीला क्लासचं नाव लागतं, दुसरीला लेयरचा हँडल. नंतर अपडेटव्हीपी करायला विसरू नका, नाहीतर चित्र जुनंच राहतं. मी हे ऑन-ऑफच्या बटणात घालत नाही, मुद्दाम. शीट बदलणारी गोष्ट वेगळ्या बटणात, वेगळ्या नावाने आणि आधी ‘खरंच?’ असं विचारून.

बिघाड शोधताना मी काय करतो

कोड वाचायला बसण्याआधी एक फाइल लिहून घेतो. सहा-सात ओळींची वेगळी स्क्रिप्ट आहे. ती सगळ्या क्लासवर फेरी मारते आणि प्रत्येकाचं नाव व त्याचा आकडा एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते, मग लेयरचं तेच. रिराइट, राइटएलएन आणि क्लोज या तीन आज्ञा पुरतात. नावाच्या दोन्ही बाजूंना उभी रेघ छापतो, म्हणजे शेवटी चिकटलेली स्पेस लगेच दिसते. सर्वात वर अ‍ॅक्टिव्ह लेयर आणि अ‍ॅक्टिव्ह क्लास. ही फाइल बटण दाबण्याआधी एकदा आणि नंतर एकदा काढायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या.

आकडे जसे बदलायला हवे तसे बदलले असतील तर स्क्रिप्ट निर्दोष आहे. मग क्लास ऑप्शन्स, सिम्बॉल, व्ह्यूपोर्ट, कस्टम व्हिजिबिलिटी इकडे मोर्चा वळवा. आकडे बदललेच नसतील तर नाव जुळत नाहीये. काही बदलले आणि काही उलटे गेले असतील तर खुर्च्या-टेबलांचा रोग. यादीत दोन नावं सारखी दिसत असतील तर अनाथ लेयर. एवढ्या निदानाला पाच मिनिटं लागतात. मी आधी तासन्‌तास अंदाज बांधत बसायचो.

बटण ‘लपवलं होतं की दाखवलं होतं’ हे लक्षात ठेवण्यासाठी काहीजण सेटसेव्हडसेटिंग वापरतात. स्क्रिप्ट संपली की तिच्यातली मूल्यं पुसली जातात, म्हणून हा मोह होतो. पण ती नोंद वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते, ड्रॉइंगच्या फाइलमध्ये नाही. एका प्रोजेक्टमध्ये लपवून दुसरी फाइल उघडली की बटणाला वाटतं तिथलंही लपलेलं आहे. तीच फाइल शेजारच्या टेबलावर उघडली तर बटणाला काहीच आठवत नाही. आठवणीवर विसंबण्यापेक्षा दर वेळी आकडे वाचा. क्लास हाच खरा साक्षीदार.

आणि ठरावीक दोन-तीन जुळण्याच लागत असतील, म्हणजे ‘लाइटिंग’, ‘फर्निचर’, ‘पाडकाम’, तर स्क्रिप्ट कशाला? सेव्ह्ड व्ह्यू, म्हणजे साठवलेलं दृश्य, करा. करताना झूम आणि पॅन साठवण्याची खूण काढा, फक्त लेयर आणि क्लासची ठेवा, म्हणजे आहात त्या जागीच राहून स्थिती बदलते. मात्र सेव्ह्ड व्ह्यू आणि ऑन-ऑफ बटण एकाच फाइलमध्ये वापरत असाल तर ध्यानात घ्या, सेव्ह्ड व्ह्यूवर डबल-क्लिक केलं की त्यात साठवलेल्या स्थितीनुसार सगळं पुन्हा मांडलं जातं. ‘मी तर आत्ताच बंद केलं होतं’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मध्येच व्ह्यू बदललेला असतो.

स्क्रिप्ट पॅलेट त्या एका फाइलपुरतं असतं. दहा फाइलमध्ये दहा प्रती म्हणजे दुरुस्तीही दहा ठिकाणी, आणि नववीत विसरलेली. आमचं बटण मी शेवटी प्लग-इन मॅनेजरमधून मेनू कमांड केलं आणि वर्कस्पेस एडिटरमधून त्याला शॉर्टकट दिला. आता ते एकाच जागी आहे.

राहिला शीट लेयर. शीटवर असताना बटण दाबलं आणि स्क्रिप्टने ‘लेयर’ आज्ञेने डिझाइन लेयर अ‍ॅक्टिव्ह केला की अख्खी स्क्रीन तिकडे उडी मारते, मग परत येते. झूम हलतो, माणूस दचकतो. वर बघावं तर शीटवर बदललेलं काहीच नसतं, कारण व्ह्यूपोर्ट स्वतंत्र. मी आता सुरुवातीलाच अ‍ॅक्टिव्ह लेयरचा प्रकार तपासतो. गेटऑब्जेक्टव्हेरिएबलइंटला लेयरचा हँडल आणि १५४ हा आकडा दिला की डिझाइन लेयरसाठी १ आणि शीटसाठी २ मिळतं. २ आलं की स्क्रिप्ट ‘शीटवर हे बटण चालत नाही, व्ह्यूपोर्टमधून बदला’ असं सांगून तिथेच थांबते. पोरं कुरकुर करतात, पण साइटवरून टेबलांसाठी फोन आलेला नाही.